माळवद: निवडलेले लाकूड, निवडलेली माती

रोहिणी नक्षत्र सरत आले की मराठवाड्यातल्या गावांत पूर्वी एक घाई सुरू व्हायची. बैलगाड्या गावठाणातल्या जुन्या टेकाडाकडे जायच्या आणि पांढऱ्या मातीने भरून परत यायच्या. मग ती माती घमेल्याघमेल्याने शिडीवरून घरांवर चढायची. वर कोणी तरी ती पसरत असे, कोणी पाणी शिंपडत असे, कोणी धुम्मसाने चोपत असे. मृगाचा पहिला पाऊस पडण्याच्या आत हे काम उरकणे भाग होते. कारण हे छत म्हणजे कौल नव्हते की पत्रा नव्हता. लाकडाच्या सांगाड्यावर काटक्या, काटक्यांवर पाला आणि पाल्यावर माती, असे ते माळवद होते. त्यावर माणसे चालत, झोपत, धान्य वाळवत. पाऊसही तेच झेलत असे.

बीड जिल्ह्याच्या माजलगाव तालुक्यातले दिंद्रुड हे या माळवदाच्या मुलखातले गाव. दक्षिणेला बालाघाटाच्या रांगा आणि उत्तरेला गोदावरीचे खोरे. सिंदफणा याच तालुक्यात मंजरथला गोदावरीला मिळते. शिवारात खोल काळी जमीन, डोंगराकडे काळा पाषाण. पाऊस सरासरी साडेसहाशे ते सातशे मिलिमीटर, तोही बहुतेक चार महिन्यांत. उन्हाळ्यात पारा चाळीसच्या वर. दाट जंगल जवळपास नाही. या मुलखात घर बांधायचे तर काय घ्यायचे आणि काय टाळायचे, याचा निकाल अनेक पिढ्यांनी लावला आणि तो माळवदाच्या रूपाने उभा राहिला.

या छताचा इतिहास म्हणजे निवडीचा इतिहास आहे. कोणते लाकूड खांबाला, कोणते तुळईला, कोणत्या झाडाचा पाला, कोणती माती, प्रत्येक थराला ठरलेले उत्तर होते आणि प्रत्येक उत्तराला कारण होते. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर मात्र माळवदाचे नाव मृत्यूशी जोडले गेले. त्यामुळे ही निवड कुठे बरोबर होती आणि कुठे चुकत गेली, हे नीट पाहिले पाहिजे.

सुरुवात पायापासून करू. खांब जमिनीत पुरत नसत. घडवलेल्या दगडी उथळ्यावर तो उभा केला जाई. त्यामुळे जमिनीची ओल लाकडाला लागत नसे आणि वाळवी वर चढू लागली की दगडावर लगेच दिसे. खांबावर तुळई, तुळईवर कड्या, म्हणजे छत पेलणारी आडवी लाकडे. खांब आणि तुळई यांच्या सांध्यावर रुंद आडवा हस्त बसवत, म्हणजे वरचा भार खांबाच्या डोक्यावर पसरून पडे. सांधे खाच आणि तिच्यात बसणारे कुसू यांचे, खिळा क्वचित. दोन खांबांमधली जागा म्हणजे खण. घराचे माप चौरस फुटांत नव्हे, खणांत सांगत: पाच खणांचे घर, नऊ खणांचा सोपा. कडीची लांबी लाकडाच्या ताकदीने ठरे, म्हणून खणाचे माप हे मुळात त्या भागात मिळणाऱ्या लाकडाचे माप होते.

लाकडांत पहिला मान सागाचा. तो सरळ वाढतो, वाळल्यावर फारसा वाकत नाही. त्याच्या गाभ्यात असलेल्या तेलामुळे वाळवी आणि बुरशी त्याला सहज लागत नाही. पण साग माजलगावच्या शिवारात उगवत नव्हता. मराठवाड्याच्या पूर्वेला किनवट आणि आदिलाबादकडे सागाची जंगले होती. निजामाच्या काळात हा सगळा मुलूख एकाच हैदराबाद संस्थानात होता आणि किनवट तालुका १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच होता. तरीही लांबून आणलेले सागवान परवडे ते देशमुख, पाटील, सावकार यांना. त्यांच्या वाड्यांच्या ढेलजेत आणि सोप्यात कोरीव सागाचे खांब दिसतात.

बाकीच्यांनी शिवारातली झाडे निवडली. बाभूळ कठीण आणि चिवट. गाडीचे चाक आणि नांगर तिचेच होत, तेव्हा आखूड खांबाला ती चाले. मात्र ती सरळ मिळणे कठीण. कडुलिंबाचे लाकूड कडू, त्यामुळे कीड कमी, म्हणून कड्यांना आणि चौकटींना तेच घेत. आंब्याचे लाकूड मऊ, त्याला भुंगा लवकर लागतो. ते फळीला चाले, भाराखाली नको. तोडण्याची वेळही पाळली जाई. झाडात रस कमी असतो त्या हिवाळ्यात आणि शक्यतो वद्य पक्षात लाकूड तोडावे, असा सुतारांचा दंडक होता. चंद्राच्या कलेचा भाग श्रद्धेचा म्हणता येईल, पण रस उतरल्यावर तोडलेल्या लाकडाला कीड कमी लागते, हे अनुभवाचे होते. तोडलेले ओंडके विहिरीत किंवा डोहात काही महिने बुडवून ठेवत आणि मग सावलीत वाळवत. बलुतेदारांत सुताराचे स्थान वरचे होते. औत आणि गाडी ही त्याची रोजची कामे, पण घर उभारताना कोणता ओंडका कुठे जाणार हे तोच ठरवी.

कड्यांवर येई किलचन, म्हणजे जवळजवळ रचलेल्या चिरफळ्या आणि काटक्या. ज्याची ऐपत होती तो कडीपाट करी, म्हणजे कड्यांवर फळ्या ठोके. इतरांच्या घरात शेवरीच्या काठ्या, तुराट्या, बोराटीचे फोक असत. त्यावर पाल्याचा थर, आणि त्यातही निवड होती. तरवड आणि कडुलिंबाचा पाला आवर्जून घालत, कारण किडीला तो नकोसा. पाल्याचा दुसरा उपयोग असा की वरची बारीक माती काटक्यांच्या फटींतून घरात गळत नसे. मग चिखलाचा थर, तो थोडा सुकला की त्यावर पांढरी माती. शेवटी पाणी वाहून जाण्यापुरता हलका उतार आणि कडेला पन्हळी. मधोमध उजेडाला आणि धुराला वाट म्हणून सानं ठेवलेले, पाऊस आला की त्यावर झाकण.

सगळ्यांत बारीक निवड होती ती मातीची.

शिवारात हवी तेवढी काळी माती फुकट पडलेली असताना कोणीही ती छतावर टाकत नसे. काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. छतावर ती टाकली तर मेमध्ये पडलेल्या भेगांतून जूनचा पाऊस थेट घरात येईल. मुरूम पाणी धरतच नाही. पांढरी माती या दोहोंपेक्षा वेगळी. शतकानुशतके माणसे जिथे राहिली, तिथे पडक्या भिंतींची माती, चुलीची राख, शेण, चुन्याचे कण असे सगळे साचून ती तयार झालेली. ती फारशी फुगत नाही, फारशी भेगाळत नाही, ओली झाली की वरचा थर घट्ट बसतो आणि पाणी वरच्या वर निघून जाते. खारटपणामुळे तिच्यात गवतही कमी उगवते आणि मुळांनी छत पोखरले जात नाही. मराठी मुलखात शेतजमिनीला काळी आणि गावठाणाला पांढरी म्हणतात. माळवदाला लागे ती माती या पांढरीतली.

या निवडीची एक किंमत मात्र इतिहासाने मोजली. पांढरी माती जिथे भरपूर, तिथे जुनी वस्ती. धाराशिव जिल्ह्यातले तेर, म्हणजे सातवाहन काळातले तगर, हे त्याचे ठळक उदाहरण. रोमशी व्यापार करणाऱ्या त्या नगराच्या टेकाडांवर पुढच्या पिढ्या राहिल्या आणि त्यांनी तिथलीच माती खणून वापरली. नांगराला आणि कुदळीला मणी, नाणी, मातीच्या मूर्ती लागत. रामलिंगप्पा लामतुरे यांनी अशा वस्तू आयुष्यभर गोळा केल्या. त्यांच्या संग्रहातून उभे राहिलेले सरकारी संग्रहालय आज तेरमध्ये त्यांच्याच नावाने आहे. जे त्यांच्या हाती आले नाही, त्यातले किती खापर आणि किती मणी मातीबरोबर छतांवर गेले, याची मोजदाद होणे शक्य नाही.

तेरसारख्या ठिकाणच्या उत्खननांनी आणखी एक गोष्ट दाखवली आहे. सातवाहन काळातल्या वस्त्यांत भाजलेली खाचांची कौले सापडतात, म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी दख्खनच्या नगरांत उतरती कौलारू छपरे होती. त्याही आधी, इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या सहस्रकात, भीमेच्या खोऱ्यातल्या इनामगावचे ताम्रपाषाणयुगीन शेतकरी कूड-मातीच्या भिंती आणि गवताची छपरे वापरत, असे डेक्कन कॉलेजच्या उत्खननात दिसले. तेव्हा माळवद हे या भूमीचे अनादि छप्पर नव्हे. कौलाला भट्टी लागते, भट्टीला सरपण लागते. गवताला आग लागते. कमी पावसाच्या आणि कमी झाडांच्या मुलखात मातीचे सपाट छत हळूहळू सोयीचे ठरले आणि स्थिरावले. कोकणात वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तिथे हेच छत पहिल्या आषाढात वाहून जाईल. म्हणून सह्याद्री ओलांडून पूर्वेला पाऊस उतरत गेला, तशी छपरेही उताराची सपाट होत गेली. खानदेशात आणि विदर्भाच्या काही भागांत याच जातीच्या छताला धाबे म्हणतात.

जगात जिथे असे हवामान आहे, तिथे माणसांनी जवळपास हेच उत्तर काढले. लडाखमध्ये पॉप्लरच्या तुळयांवर विलोच्या काटक्या टाकतात, त्यावर गवत आणि वर मार्कलक नावाची पाणी अडवणारी खास माती. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोत ताओस इथल्या पुएब्लो लोकांच्या घरांत गोल तुळया, त्यांवर आडव्या काटक्या आणि वर माती. तुर्कस्तानच्या अनातोलियात पाऊस पडून गेला की छतावरची माती दगडी रूळ फिरवून दाबत. किलचन, पाला, माती हा क्रम दिंद्रुडच्या सुताराला तिथे लगेच ओळखता आला असता.

आणि साग? त्याची ख्याती तर समुद्रावर होती. मुंबईच्या गोदीत सुरतेहून आलेल्या लवजी नसरवानजी वाडियांनी १७३६ मध्ये काम सुरू केले आणि पुढे त्यांच्या घराण्याने मलबारच्या सागाची जहाजे बांधली. ओक लाकडातले आम्ल लोखंडी खिळ्यांना खाते, साग तसे करत नाही आणि खाऱ्या पाण्यातही टिकतो. १८१७ मध्ये मुंबईत जमशेटजी बमनजी वाडियांच्या देखरेखीखाली पाण्यात उतरलेली ‘ट्रिंकोमाली’ ही युद्धनौका इंग्लंडमध्ये हार्टलपूल इथे अजून तरंगते आहे. त्याच्या शंभर वर्षे आधी मराठ्यांच्या आरमारालाही हेच लाकूड हवे होते. अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे असलेल्या आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड कसे घ्यावे याचे नियम आहेत. सागासारखी झाडे परवानगीने तोडावीत, कमी पडल्यास बाहेरून विकत आणावीत. आंबा, फणस यांना हात लावू नये, कारण ती रयतेने लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादे झाड जीर्ण झाले असेल तर धन्याला राजी करून, मोबदला देऊन तोडावे. लाकूड निवडताना रयतेचा विचार करणारी ही दृष्टी आजही आदर वाटावा अशी आहे.

मराठवाड्यात पुढे नेमकी लाकडाचीच टंचाई झाली. लोकसंख्या वाढली, शेत वाढले, झाडी कमी झाली. सागाचे खांब मोजक्या घरांपुरते उरले. ज्यांना ते परवडले नाहीत, त्यांनी खांबांना फाटा देऊन तुळया आणि कड्यांची टोके सरळ दगडी भिंतींवर टेकवली. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही घरे सारखीच दिसत. आतला फरक मात्र जिवावर बेतणारा होता. एका घरात छताचा भार लाकडी सांगाडा पेलत होता आणि भिंत केवळ आडोसा होती. दुसऱ्या घरात सगळा भार भिंतीवर होता. ती भिंतही दोन-दोन, अडीच-अडीच फूट जाड, पण दगडांच्या दोन वेगळ्या फळ्यांची, मधे चिखल आणि कपच्या भरलेली. दोन्ही फळ्यांना बांधून ठेवणारा आरपार दगड तिच्यात क्वचितच असे.

दुसरी चूक मातीची. दरवर्षी गळती थांबवायला नवा थर पडत गेला आणि जुना खरवडून काढण्याचे कष्ट टळत गेले. आजोबांच्या थरावर वडिलांचा थर, त्यावर मुलाचा. एक चौरस मीटर छतावर एक फूट माती म्हणजे साधारण साडेचारशे ते पाचशे किलो. दहा फूट बाय पंधरा फुटांच्या खोलीवर दोन फूट माती साचली तर तेरा-चौदा टन भार घरच्यांच्या डोक्यावर, आणि पाऊस मुरला की त्याहून जास्त. उन्हाळ्यात घर गार ठेवणारा हाच थर, उष्णता हळूहळू आत घेणारा आणि रात्री हळूहळू सोडणारा. म्हणूनच तो जाड झाला तरी कोणाला खटकला नाही. उलट जाड माळवद म्हणजे चांगले घर, अशी समजूत होती.

३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतरची पहाट, ३ वाजून ५६ मिनिटे. औसा तालुक्यातल्या किल्लारीजवळ ६.२ क्षमतेचा भूकंप झाला. लातूर आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांतली गावे काही सेकंदांत ढिगारे झाली. सरकारी नोंदीप्रमाणे ७,९०० हून अधिक माणसे गेली. बहुतेक झोपेत, आपल्याच भिंतींच्या दगडांखाली आणि आपल्याच छताच्या मातीखाली. तोवर हा प्रदेश भूकंपाच्या दृष्टीने देशातल्या सर्वांत सुरक्षित पट्ट्यात गणला जात होता. २००२ मध्ये भूकंप-संहितेचा नवा नकाशा आला, तेव्हा तो पहिला पट्टाच रद्द झाला आणि किल्लारी परिसर तिसऱ्या पट्ट्यात गेला.

पाहणीसाठी आलेल्या अभियंत्यांनी नोंदवलेली एक गोष्ट त्या शोकाच्या गदारोळात सामान्य माणसापर्यंत पुरेशी पोचली नाही. भिंती कोसळलेल्या कित्येक घरांत लाकडी खांबांचा सांगाडा आणि त्यावरचे माळवद उभेच राहिले होते. दगड पडले, पण छत पडले नाही, आणि त्यामुळे आतली माणसे वाचली. जुन्या सुतारांनी खांब, हस्त, तुळई, कुसू यांतून बांधलेला सांगाडा धक्क्याबरोबर डुलला आणि परत सावरला. ज्या घरांत तो सांगाडा नव्हता, तिथे भिंतीबरोबर सगळे खाली आले.

पुनर्वसनात जागतिक बँकेच्या साहाय्याने ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. इतर असंख्य गावांत घरे जागेवरच मजबूत करण्याचा कार्यक्रम चालला. त्यातल्या सूचना साध्या होत्या: छतावरची जादा माती काढा, दोन फळ्यांच्या भिंतीत आरपार जाणारे दगड किंवा काँक्रीटचे सांधे घाला, चारही भिंतींना आडवा पट्टा द्या, खांब आणि तुळईच्या कोनात तिरपे आधार ठोका. मातीच्या आणि कच्च्या दगडी घरांसाठी भारतीय मानक संस्थेची मार्गदर्शक मानके त्याच १९९३ सालची आहेत. त्यांत माती आणि दगड वर्ज्य ठरवलेले नाहीत, ते कसे वापरावेत हे सांगितले आहे.

पण भीती मानकांपेक्षा वेगाने पसरली. किल्लारीपासून शंभर किलोमीटरच्या आसपास असलेल्या दिंद्रुडच्या टापूतही दगड-मातीचे घर म्हणजे धोका, हे समीकरण पक्के झाले. माळवदे उतरू लागली. त्यांच्या जागी पत्रे आले, पैसा असेल तिथे स्लॅब आला. घरकुल योजनांनीही सिमेंटचीच वाट धरली. गळतीची आणि दरवर्षीच्या मातीची कटकट संपली, ही सोय खरी आहे आणि ती नाकारणे अन्यायाचे होईल. गावातल्या बाईचे सारवणाचे किती तरी कष्ट पक्क्या छताने कमी केले. मात्र एप्रिल-मेमध्ये पत्र्याखालची दुपार सहन होत नाही. पातळ स्लॅबही दिवसभर तापतो आणि रात्री उशिरापर्यंत खोली तापवत राहतो. जी गरज माळवदाने भागवली होती, ती अजून तशीच उभी आहे.

दुसरीकडे उतरवलेल्या वाड्यांचे सागवान शहरांतल्या जुन्या लाकडाच्या वखारींत जाते. शंभर वर्षे वाळलेला तो साग आता हॉटेलांच्या सज्जांना, बंगल्यांच्या बैठकींना आणि दारांना लागतो. विकणाऱ्या कुटुंबाला पडक्या वाड्याच्या देखभालीपेक्षा रोख रक्कम जवळची वाटते आणि ते समजण्याजोगे आहे. पण तो सांगाडा गेला की त्या गावात खण कसा लावायचा, हस्त कसा बसवायचा, हे प्रत्यक्ष दाखवणारा नमुनाही जातो. ते काम जाणणारे सुतार आता म्हातारे झाले आहेत आणि त्यांची मुले प्लायवूडचे फर्निचर करतात.

म्हणून ज्यांच्याकडे जुने माळवद अजून उभे आहे, त्यांनी ते पाडण्याआधी चार गोष्टी पाहाव्यात. छत खांबांवर आहे की भिंतीवर? उथळ्याजवळचे आणि भिंतीत गेलेले लाकूड टोचणीने तपासल्यावर आत घट्ट लागते की पोकळ? माती किती इंच साचली आहे? भिंतीला पोट आले आहे का? सांगाडा शाबूत असेल तर जादा माती उतरवून, खाली जलरोधक थर घालून, सांध्यांना तिरपे आधार देऊन आणि भिंती बांधून घेऊन असे घर अभियंत्याच्या सल्ल्याने वापरता येते. छत भिंतीवरच टेकले असेल, तर मात्र वेळ न घालवता भार कमी करावा आणि खांबांची सोय करावी. जिल्ह्यातल्या आयटीआयमध्ये सुतारकामाचे वर्ग चालतात. तिथल्या मुलांना दिंद्रुड, धारूर, माजलगावच्या टापूतल्या एखाद्या शाबूत वाड्यात नेऊन त्याचा एक खण मापून काढायला लावले आणि प्रत्येक तुकड्याला कोणते लाकूड वापरले आहे ते लिहून घ्यायला लावले, तर जुने सुतार हयात आहेत तोवर ते ज्ञान कागदावर आणि नव्या हातांत उतरू शकेल.